पास जर्मनीचा, खातं मावसभावाचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात हे वाचक क्वालिटी विभागात काम करतात. ग्राहक कंपनीच्या कामासाठी त्यांना साधारण दोन महिन्यांनी एकदा जर्मनीला जावं लागतं. विमान फ्रँकफर्टला उतरतं, मुक्काम स्टुटगार्टमध्ये आठ-दहा दिवसांचा असतो आणि प्लँट शहराबाहेर आहे. काही दिवस ग्राहकाची गाडी हॉटेलवर न्यायला येते, काही दिवस स्वतः जावं लागतं. बहुतेक फेऱ्यांत एक दिवस म्युनिकचा असतो. कंपनी रोजचा ठरावीक भत्ता देते आणि जेवणखाण, स्थानिक प्रवास त्यातच भागवायचा असतो.

एका वरिष्ठ सहकाऱ्यानं सुचवलं, 'देशभर चालणारा महिन्याचा पास काढ, एकोणपन्नास युरोत मोकळा होशील.' भारतीय कार्डावर ते सदस्यत्व होईना, म्हणून स्टुटगार्टला राहणाऱ्या मावसभावानं स्वतःचं बँक खातं जोडून दिलं. पास 24 मार्चला घेतला, 3 एप्रिलला हे परतले आणि 12 एप्रिलला आठवण झाल्यावर पास रद्द केला. तरीही भावाच्या खात्यातून मार्च, एप्रिल आणि मे अशा तीन महिन्यांचे पैसे गेले. भाऊ म्हणतो, 'राहू दे रे.' वर असंही म्हणतो, 'पुढच्या वेळी माझाच पास वापर, कोण बघतंय!' आता पुढची फेरी या महिन्याच्या 26 तारखेपासून पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आहे.

त्यांचा प्रश्न: 'ताई, मी नेहमी जाणारा माणूस. दर वेळी महागाची सुटी तिकिटं काढणं हा वेडेपणा नाही का? नेमकं कोणतं तिकीट घेऊ? आणि भावाचं काय करू?'

नमस्कार.

तुमच्या पत्रात 'मी नेहमी जाणारा' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. म्हणून आधी तिथंच थांबू. जर्मनीला तुम्ही नेहमी जाता, यात वाद नाही. पण स्टुटगार्टच्या लोकलमध्ये तुम्ही नेहमी बसता का? जालन्याहून रोज रेल्वेनं संभाजीनगरला कामाला येणारा माणूस महिन्याचा पास काढतो, ते बरोबरच आहे. ज्याची लेक जालन्याला दिलीय, तो बापही वर्षानुवर्षं दोन-तीन महिन्यांनी त्याच गाडीनं जातो. तो पास काढत नाही, आणि त्याला कुणी वेडा म्हणत नाही. तुम्ही त्या बापाच्या जागी आहात आणि हिशेब मात्र रोजच्या नोकरदाराचा मांडताय.

पास हा प्रकार मुळात तिथं राहणाऱ्यांसाठी असतो. त्याचा महिना कॅलेंडरचा असतो, तुमच्या व्हिसाचा किंवा विमानाच्या तिकिटाचा नसतो. पैसे तिथल्या बँक खात्यातून आपोआप वळते व्हावेत अशी त्याची रचना असते, आणि तो बंद करा असं तुम्ही वेळेत सांगेपर्यंत चालूच राहतो. स्टुटगार्टच्या शिक्षकाला किंवा नर्सला या तिन्ही गोष्टी सोयीच्या आहेत. तुम्हाला एकाच फेरीत तिन्हींची ठेच लागली.

पैसे का कापले गेले, ते आधी समजून घ्या, म्हणजे कुणी फसवलं अशी चुटपुट राहणार नाही. तुम्ही काढलेला पास म्हणजे डॉइचलांड तिकीट. ते सदस्यत्व आहे आणि दर महिन्याला रद्द करता येतं, पण त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवलं तरच महिनाअखेर संपतं. 11 तारीख उजाडली की पुढचा महिना गळ्यात पडला. 24 मार्चला पास घेतलात म्हणजे मार्च गेला. 3 एप्रिलपर्यंत तिथं होतात म्हणजे एप्रिल लागलाच. 12 एप्रिलला रद्द केलात तेव्हा मुदत उलटून दोन दिवस झाले होते, म्हणून मेसुद्धा गेला. काही विक्रेते पहिल्या महिन्याचे पैसे उरलेल्या दिवसांपुरतेच घेतात आणि ते ऐकायला स्वस्त वाटतं. पण महिन्याच्या शेवटी घेतलेल्या पासाला पुढचा महिना बहुधा चिकटतोच, हे त्या जाहिरातीत ठळक लिहिलेलं नसतं.

सहकाऱ्याच्या सल्ल्याबद्दलही थोडं बोलते, कारण असे सल्ले आपल्याकडे कँटीनमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि त्यातला भाव कुणी बदलत नाही. हे तिकीट मे 2023 मध्ये सुरू झालं तेव्हा खरंच 49 युरोला होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, 2022 मध्ये, तीन महिने 9 युरोत महिनाभर फिरा अशी योजना होती. तिला जो प्रतिसाद मिळाला त्यातून हा कायमचा पास आला. जानेवारी 2025 पासून तो 58 युरोला झाला आणि जानेवारी 2026 पासून 63 युरोला. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याचा हिशेब त्या वेळी चुकला नव्हता, आज मात्र तो जुना आहे. परदेशातल्या तिकिटाबद्दल कुणी किंमत सांगितली, की 'कोणत्या साली गेला होतात?' हा प्रश्न आधी विचारावा. मी बरीच वर्षं एका कारखान्याचा ट्रॅव्हल डेस्क सांभाळला आहे. मायक्रॉनचा फरक पकडणारे इंजिनियर तिकिटाच्या अटी वाचायला मात्र कधीच तयार नसायचे.

आता तुमचा हिशेब. एक कोरा कागद घ्या आणि गेल्या फेरीचे सगळे दिवस एकाखाली एक लिहा. ज्या दिवशी तुम्ही स्वतः गाडीत, ट्राममध्ये किंवा बसमध्ये बसलात, त्यासमोरच खूण करा. ग्राहकाची गाडी आली तो दिवस कोरा. भावानं त्याच्या गाडीतून नेलं तो रविवार कोरा. म्युनिकचा दिवस वेगळा काढा, कारण आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत हा पास चालतच नाही. तो एस-बान (उपनगरी लोकल), यू-बान (शहरातली मेट्रो), ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्यांपुरता आहे, तोही दुसऱ्या वर्गाचा. हीच गोष्ट फ्रँकफर्ट विमानतळ ते स्टुटगार्टची. आयसीईनं तो प्रवास साधारण सव्वा तासाचा आहे, पण तुम्ही त्या पासावर गेलात तर प्रादेशिक गाड्या बदलत बदलत तीनेक तास जातील. देवगिरीनं रात्रभर मुंबई, मग विमानतळावरची रांग, मग विमान, आणि त्यावर हे? पास आहे म्हणून वसूल करायचा, या नादात लोक हेही करतात. मी पाहिलंय.

कागदावर बहुधा पाच-सहा खुणा उरतील. समजा, तुमच्या भागातलं दिवसभराचं तिकीट नऊ-दहा युरोचं धरलं (हा आकडा फक्त पद्धत समजावी म्हणून, तुमच्या झोनचा खरा भाव अ‍ॅपवर पाहून घ्या), तर सहा दिवसांचे 54 ते 60 युरो होतात. पास 63 चा. म्हणजे एकाच महिन्यात बसणाऱ्या फेरीतही तुम्ही काठावर आहात. आणि फेरी दोन महिन्यांत विभागली तर पास 126 युरोवर जातो. तेव्हा 26 ते 5 या येत्या फेरीला महिन्याचा पास घ्यायचा नाही. यात दुसरा विचारच नको.

पण तुमच्या सहकाऱ्याचीही बाजू घेते. एखाद्या फेरीत ग्राहकाची गाडी नसेल, दहाच्या दहा दिवस सकाळ-संध्याकाळ तुम्हालाच जायचं असेल, आणि तारखा एकाच महिन्यात बसत असतील, समजा 3 ते 14, तर पास निर्विवाद स्वस्त. वर रोज सकाळी मशिनसमोर उभं राहून झोन शोधायची कटकट नाही. झोपेतून अर्धवट उठलेल्या माणसाला ती कटकट वाटते त्यापेक्षा महाग पडते. त्या फेरीला त्याच महिन्यापासून पास चालू करून देणारा विक्रेता निवडा, पास सुरू झाल्याची खात्री करा आणि लगेच, त्याच बैठकीत, तो रद्द करून टाका. रद्द केला तरी महिनाअखेरपर्यंत तो चालतो. ज्या विक्रेत्याची अट वेगळी असेल त्याच्याकडून घेऊच नका, कारण हाच पास विकणारे अनेक आहेत. 'आल्यावर रद्द करू' म्हणाल तर पुन्हा बारा तारीख उजाडेल.

सात दिवसांचं तिकीट हा मधला मार्ग बरेचजण विसरतात. काही शहरांत ते कोणत्याही दिवसापासून पुढचे सात दिवस चालतं, काही ठिकाणी सोमवार ते रविवार असं आठवड्याला बांधलेलं असतं. पहिल्या प्रकारचं मिळालं तर तुमच्यासारख्यांना ते चांगलं जमतं, दुसऱ्या प्रकारचं असेल तर बुधवारी उतरणाऱ्याला तोटाच. आणि तुमच्याबरोबर कधी दोघं-तिघं सहकारी असतील तर अनेक शहरांत पाच जणांपर्यंतचं गटाचं दिवसभराचं तिकीट असतं, ते माणशी फार कमी पडतं. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेमबर्गचंही असं एक दिवसाचं तिकीट आहे, पाच जणांपर्यंत. सोमवार ते शुक्रवार मात्र ते सकाळी नऊनंतरच चालू होतं, त्यामुळे सात वाजता शिफ्टला पोचायचं असेल तर उपयोग नाही. रविवारी चांगलं.

म्युनिकच्या दिवसाबद्दल माझं मत ठाम आहे. डॉइच बानची, म्हणजे जर्मन रेल्वेची, स्वस्त तिकिटं एका ठरावीक गाडीला बांधलेली असतात. सर्वांत स्वस्त प्रकार रद्दही करता येत नाही. पूर्ण दराचं लवचीक तिकीट महाग, पण त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चालतं. लोक दोन्ही बाजूंचं एकच तिकीट काढतात, एकतर दोन्ही स्वस्त किंवा दोन्ही महाग. जाताना तुम्ही हॉटेलातून निघणार, वेळ तुमच्या हातात आहे, तेव्हा गाडीला बांधलेलं तिकीट घ्या. येताना वेळ समोरच्या माणसाच्या हातात असते. ऑडिटमध्ये एखादा मुद्दा निघाला, की चारची मीटिंग सहाला संपते. तेव्हा परतीचं लवचीक तिकीट घ्या. चार-सहा वेळा तुम्हाला वाटेल की उगाच जास्त दिले. पाचव्या-सातव्या वेळी वाटणार नाही.

रेल्वेच्याच चुकीनं उशीर होणार असेल तर बांधलेलं तिकीटही मोकळं होतं. मुक्कामाला पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर अपेक्षित असेल तर दुसऱ्या गाडीनं जाता येतं. एक तास उशीर झाला तर तिकिटाच्या 25 टक्के आणि दोन तास झाला तर 50 टक्के रक्कम मागता येते. जर्मनीच्या गाड्या घड्याळाच्या काट्यावर चालतात, ही आपल्याकडची समजूत आता बरीच जुनी झाली आहे, तेव्हा हा नियम लक्षात ठेवाच. पण विमान उशिरा उतरलं हा रेल्वेचा दोष नाही. फ्रँकफर्टला उतरून तासाभरात सुटणारी बांधलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून घेतलीत आणि पासपोर्टच्या रांगेत अडकलात, तर ते तिकीट गेलं. उतरायच्या दिवशी एकतर लवचीक तिकीट घ्या किंवा मध्ये तीन तास ठेवा. आणि हे घरूनच ठरवून निघा. रात्रभर जागलेल्या माणसाला मशिनसमोर असा निर्णय घ्यायला लावू नये.

आता तो 'कोण बघतंय' वाला मुद्दा.

भावानं प्रेमानं म्हटलं असेल, पण हे करू नका. डॉइचलांड तिकीट नावावर असतं आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. तपासणीस आला की तिकिटाबरोबर फोटो असलेलं ओळखपत्र मागतो. तुमच्याकडे पासपोर्ट तुमच्या नावाचा, तिकीट भावाच्या नावाचं. अशा वेळी तुम्ही विनातिकीट धरले जाता आणि दंड 60 युरोचा असतो. म्हणजे जो पास वाचवायला निघालात, जवळपास त्याच किमतीचा. तिथल्या स्टेशनांवर दारं-फाटकं नसतात, म्हणून आपल्या माणसांना वाटतं की सगळं मोकळं सोडलंय. तपासणीस कित्येकदा साध्या कपड्यांतच डब्यात बसलेले असतात आणि दारं बंद झाल्यावर उठतात. फुकट प्रवास करणं हा जर्मन फौजदारी कायद्यात गुन्हाही आहे. एका वेळेला कुणी तुरुंगात टाकत नाही, हे खरं. पण दर दोन महिन्यांनी त्याच देशात कामासाठी जायचं, व्हिसा मागत राहायचा, आणि आपलं नाव अशा कुठल्याही नोंदीत यावं, हे साठ युरोपेक्षा कितीतरी महाग आहे. भावाचंही नाव त्यात येतं. तो तिथं राहतो, तुम्ही परत येता.

याच ओघात आणखी एक. ज्या कागदी तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसते, ते बसण्याआधी फलाटावरच्या किंवा ट्राममधल्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावं लागतं. पैसे भरून काढलेलं तिकीट शिक्क्याशिवाय असलं तर तपासणीस तुम्हाला विनातिकीटच धरतो, आणि 'माहीत नव्हतं' हे उत्तर तो रोज ऐकत असतो. फोनवर तिकीट असेल तर फोन चालू ठेवणं ही प्रवाशाची जबाबदारी. बॅटरी संपली म्हणजे तिकीट नाही, असंच धरलं जातं. पॉवर बँक घ्या, ती भावापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कार्डाचं पाहू. तुमचं सदस्यत्व भारतीय कार्डावर झालं नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. दर महिन्याला आपोआप पैसे वळते होण्यासाठी रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2021 पासून कडक नियम लावले आहेत. आगाऊ सूचना, पहिल्या वेळी पडताळणी वगैरे. परदेशी विक्रेत्यांची बरीच सदस्यत्वं त्या चौकटीत बसत नाहीत. शिवाय पुष्कळ जर्मन विक्रेते थेट युरोपीय बँक खातंच मागतात. काही विक्रेते कार्ड घेतात, त्यांचा शोध घ्यायला हरकत नाही, पण त्यासाठी नातेवाइकाचं खातं पुन्हा मागू नका. सुट्या आणि दिवसाच्या तिकिटांना ही अडचण येत नाही, कारण तिथं एकदाच पैसे जातात. कार्डाचा परदेशी वापर 2020 पासून नव्या कार्डांवर आपण होऊन बंदच असतो, आणि टॅप करून पैसे देण्याचं बटणही वेगळं असतं. दोन्ही निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये चालू करा. क्रेडिट कार्डावर परदेशी चलनाचं शुल्क साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, त्यामुळे छोट्या तिकिटांना फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच युरो भरून ठेवलेलं कार्ड, बरं. मशिननं 'रुपयांत पैसे घेऊ का?' असं विचारलं तर नाही म्हणा आणि युरोच निवडा. रुपयांचा तो दर मशिनवाल्याच्या सोयीचा असतो. आणि खिशात थोडी नाणी व पाच-दहाच्या नोटा ठेवा. लहान स्टेशनांवरची मशिनं कधी परदेशी कार्ड नाकारतात आणि पन्नासची नोटही परत बाहेर फेकतात.

भावाचे पैसे. तुमच्या पत्रात सर्वांत जास्त ओळी तिकिटावर आहेत, पण खुपतंय ते हेच, असं मला वाटतं. तीन महिने, 63 प्रमाणे 189 युरो. पहिला महिना दिवसांच्या हिशेबानं घेतला असेल तर थोडे कमी. तो 'राहू दे' म्हणाला, कारण मावसभाऊ दुसरं काय म्हणणार? आपल्याकडे पाहुणचारात पैसे मागणं कमीपणाचं मानतात आणि देणाऱ्यालाही अवघड होतं. मग दोघंही गप्प बसतात, आणि पुढच्या फेरीला हॉटेलवर उतरल्याचं त्याला कळवायला तुम्ही एक दिवस उशीर करता. मी अशी बरीच नाती पाहिली आहेत जी भांडणानं नाही, अशा न विचारलेल्या पैशांनी सैल झाली. तेव्हा आकडा विचारायला जाऊ नका, कारण तो सांगणार नाही. तुमच्याकडे पासाची तारीख आहे, हिशेब तुम्हीच करा आणि या फेरीत रोख पाकिटात घालून वहिनींच्या हातात द्या. मावशी इथं संभाजीनगरला किंवा गावाकडे असतील तर तितकीच रक्कम इथं देण्याचा मार्गही आहे, पण मग भावाला सांगून द्या, मावशीला मध्ये कोड्यात टाकू नका. घरून नेलेला काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी या हिशेबात धरू नये. ती वेगळी.

हा सल्ला वाचून इतर देशांत जाणारे वाचक म्हणतील, आमचं काय? शेंद्रा-चिकलठाण्यातून लोक आता लंडनलाही जातात, पॅरिसला आणि जपानलाही. तिथंही प्रश्न तोच आहे, फक्त कॅलेंडर वेगवेगळं आहे. लंडनमध्ये पासाचा विचार शक्यतो करूच नका. बँकेचं टॅप करायचं कार्ड किंवा फोन वापरला तर दिवसाच्या आणि आठवड्याच्या खर्चाला आपोआप मर्यादा लागते, पण तो आठवडा सोमवार ते रविवार असतो. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी त्याच कार्डाचा फोन, असं केलं तर यंत्रणा तुम्हाला दोन वेगळे प्रवासी समजते आणि मर्यादा लागत नाही. भुयारी रेल्वेतून बाहेर पडतानाही टॅप करायला विसरू नका, नाहीतर जास्तीचं भाडं बसतं. बसला मात्र चढतानाच एकदा टॅप करायचं. पॅरिसचा आठवड्याचा पासही सोमवार ते रविवारचाच, त्यामुळे गुरुवारी पोचणाऱ्यानं तो घेऊ नये. जपानचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये एकदम महाग झाला. सात दिवसांचा साधा पास 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. टोकियो ते नागोया एवढंच जाऊन-येऊन काम असेल तर आता सुटं तिकीटच घ्या. 'जपानला गेलं की पास काढायचाच' हा सल्लाही त्या कँटीनमधल्या 49 युरोसारखाच शिळा आहे.

आणखी दोन ठिकाणी विचारून पाहा, फुकटचं असतं पण कुणी सांगत नाही. मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाला जात असाल तर प्रवेशिकेतच शहरातला प्रवास धरलेला आहे का, ते पाहा. काही प्रदर्शनांत असतो. आणि जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या गावात मुक्काम असेल तर हॉटेलला पाहुणेकार्ड मागा. तिथल्या बऱ्याच गावांत त्या कार्डावर बस आणि प्रादेशिक गाडी मोफत चालते.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. भत्ता ठरावीक आहे आणि स्थानिक प्रवास त्यातच आहे, म्हणजे तिकिटात वाचवलेला प्रत्येक युरो तुमच्या खिशात राहतो. यात लाजण्यासारखं काही नाही. भत्ता वाचवून कित्येकांनी घराचा हप्ता भरलाय, मुलांची फी भरली आहे. पण म्हणूनच तुमचं मन स्वस्त तिकिटाकडे इतकं ओढ घेतंय, हे स्वतःशी कबूल केलेलं बरं. रात्री दहा वाजता प्लँटवरून निघून दोन बस बदलत हॉटेल गाठायचं, कारण टॅक्सीचे पैसे भत्त्यातून जातात. तीन तास प्रादेशिक गाडीत बसायचं, कारण आयसीईचे पैसे भत्त्यातून जातात. दुसऱ्या दिवशी ग्राहकासमोर तुम्ही डोळे चोळत बसता आणि त्याची किंमत कंपनी मोजते. हा दोष तुमचा नाही, भत्त्याच्या रचनेचा आहे. जेवणात काटकसर करायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण प्लँटपर्यंत पोचण्याचा खर्च हा कामाचाच खर्च आहे.

तेव्हा तुमच्या विभागप्रमुखांना आणि अकाउंट्सला एक छोटं मेल लिहा. विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते प्लँट आणि म्युनिकची फेरी, एवढा प्रवास भत्त्यातून काढून प्रत्यक्ष बिलावर द्यावा, अशी मागणी करा. मशिनचं तिकीट आणि अ‍ॅपवरून आलेली पावती दोन्ही बिल म्हणून चालतात की नाही, आणि युरोचा दर कोणत्या दिवसाचा धरायचा, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या. सोबत गेल्या फेरीचा तो खुणांचा कागद जोडा. अकाउंट्सवाल्यांना लांबलचक कारणांपेक्षा असा एक कागद फार लवकर पटतो. भावाकडची संध्याकाळ आणि रविवारची भटकंती मात्र तुमच्या खिशातून ठेवा, ती त्यात घालू नका. मेल 26 तारखेच्या आधी पंधरा दिवस तरी जाऊ द्या. मंजुरी आली तर उत्तम. नाही आली तर या फेरीला दिवसाची तिकिटं, म्युनिकला जाताना बांधलेलं आणि येताना लवचीक, असंच करा, आणि सगळी तिकिटं जपून ठेवून पुढच्या वेळी तीच मागणी बिलांसकट पुन्हा पाठवा.